दारू सोडायचीय, पण एकट्याने जमत नाही? नांदेड-लातूरच्या गावांतून 'एए' बैठकीला असं जाता येईल

नांदेड / लातूर : गळ्यात माळ घातली, देवापुढे नारळ फोडला, लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. तरी पोळ्याला नाहीतर कुणाच्या लग्नात ग्लास पुन्हा हातात आला. गावोगाव हेच घडतं. सोडायची इच्छा खोटी नसते, कमी पडते ती रोजची सोबत. 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' म्हणजेच 'एए'च्या बैठकीत अशी सोबत फुकट मिळते.

एए म्हणजे काय?

दारूतून बाहेर पडलेल्या आणि पडू पाहणाऱ्या माणसांचा हा गट. १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन शहरात बिल नावाचा शेअर बाजारातला माणूस आणि डॉक्टर बॉब या दोघा व्यसनी माणसांनी एकमेकांशी बोलत बोलत दारू लांब ठेवली. त्यातून ही चळवळ उभी राहिली. फी नाही, जात-धर्म विचारला जात नाही. अट एकच, दारू सोडायची इच्छा हवी.

आधी दवाखाना, मग बैठक

रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली तर जिवावर बेतू शकतं. हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांतच फिट येते. पुढे भास होतात, माणूस असंबद्ध बोलतो. याला 'बाहेरची बाधा' समजून देवऋषीकडे नेणं किंवा खोलीत कोंडून ठेवणं धोक्याचं आहे. अशा वेळी १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावं.

नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, या दोन्ही ठिकाणी मानसोपचार विभाग आहे. किती पितो, शेवटची कधी घेतली, हे डॉक्टरांना खरं सांगावं.

बैठक कशी शोधायची?

- मोबाईलवर 'एए जीएसओ इंडिया' असं शोधावं. हे एएचं भारतातलं मध्यवर्ती कार्यालय असून ते मुंबईत आहे. आपल्या जिल्ह्याजवळची बैठक तिथे विचारता येते.
- १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन करावा. तो मोफत आहे.
- मन फार खचलं असेल, जिवाचं बरं-वाईट करायचे विचार येत असतील तर १४४१६ हा टेलीमानसचा नंबर लावावा. तिथे चोवीस तास मराठीत बोलता येतं.
- मानसोपचार विभागात किंवा जवळच्या व्यसनमुक्ती केंद्रातही चौकशी करावी.

बैठकीची जागा आणि वार बदलू शकतात. म्हणून निघण्याआधी फोन करून खात्री करावी आणि परतीची शेवटची एसटी किती वाजता आहे तेही बघून ठेवावं. बायको किंवा आई सोबत येणार असेल तर एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे. माहूर, किनवट, देवणी, जळकोट अशा लांबच्या तालुक्यांतून दर आठवड्याला येणं जमत नसेल तर मोबाईलवरच्या ऑनलाइन बैठका आहेत. शेतात, झाडाखाली बसूनही त्या ऐकता येतात.

पहिल्या दिवशी काय होतं?

साधारण तास-दीड तास बैठक चालते. एकेक जण आपलं नाव सांगून स्वतःची गोष्ट सांगतो. त्याला 'शेअरिंग' म्हणतात. मध्ये कुणी बोलत नाही, उपदेश करत नाही. नव्या माणसाने नुसतं ऐकलं तरी चालतं. खर्चासाठी डबा फिरतो, त्यात पैसे टाकायची सक्ती नाही. 'जन्मभर नाही, फक्त आज प्यायची नाही' हा तिथला मंत्र. पुढे जुना सदस्य 'स्पॉन्सर' म्हणून पाठीशी राहतो. तलफ आली की त्याला फोन लावायचा.

गावात कळलं तर?

ही भीती अनेकांना असते. बैठकीत फक्त पहिलं नाव सांगितलं तरी पुरतं. तिथे कोण आलं, काय बोललं, हे बाहेर न सांगण्याची रीत आहे. ओळखीचं कुणी भेटलंच तर तोही त्याच कामासाठी आलेला असतो. संकोच वाटत असेल तर शेजारच्या तालुक्यातली बैठक निवडावी.

घरच्यांनी काय करावं?

चहात, भाजीत चोरून 'दारू सोडवायची पावडर' टाकू नये. अशा काही औषधांवर दारू पोटात गेली तर रक्तदाब एकदम घसरतो, जीवही जाऊ शकतो. औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि पिणाऱ्याला सांगूनच द्यायचं असतं.

कुटुंबीयांसाठी 'अल-अनॉन' हा वेगळा गट १९५१ पासून काम करतो. नवरा बैठकीला यायला तयार नसला तरी बायकोला तिथे जाता येतं. नवऱ्याची उधारी फेडणं, कामावर त्याच्यासाठी खोटं बोलणं कसं थांबवायचं, हे तिथे इतर बायांच्या अनुभवातून कळतं.

पुन्हा घेतली तर?

एएमध्ये त्याला हाकलत नाहीत. पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायचं. म्हणून चूक झाली तरी पुढची बैठक चुकवू नये. मात्र रोजचं पिणं पुन्हा सुरू झालं असेल तर बंद करण्याआधी डॉक्टरांना भेटावं.

हे नंबर जपून ठेवा : व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६, टेलीमानस १४४१६, रुग्णवाहिका १०८.