आसनामागची बॅटरी

गाडीचं बॉनेट उघडलं की बॅटरी समोर दिसणार, असं आपण धरून चालतो. इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ पासून तयार झालेल्या ‘एमजीबी’ या स्पोर्ट्स कारचं तसं नव्हतं. तिच्यात ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या होत्या. आसनांच्या मागे, झाकणाखाली, एकमेकींना जोडून १२ व्होल्ट देणाऱ्या.

जागा चांगली, कारण वजन मागे जातं. पण जे दिसत नाही त्याकडे लक्ष जात नाही. वरून सांडलेलं अ‍ॅसिड, खालून उडणारं रस्त्याचं पाणी, यांनी बॅटरीचे लोखंडी कप्पेच गंजत गेले.

१९७४ मध्ये कंपनीनेच १२ व्होल्टची एकच बॅटरी बसवायला सुरुवात केली. जुन्या गाड्यांचे मालकही आज तेच करतात. इथे चूक महागात पडते. बॅटरी उंच निघाली, तर तिची टोकं वरच्या पत्र्याला टेकतात आणि आग लागू शकते. म्हणून आधी कप्पा मोजावा, गंज काढावा, बॅटरी पट्टीने घट्ट आवळावी. १९६७ पर्यंतच्या गाड्यांत बॉडीला पॉझिटिव्ह टोक जोडलेलं असे, पुढे निगेटिव्ह. तेही आधी पाहावं. बॉडीची तार काढताना पहिली, जोडताना शेवटची.

१९८० मध्ये तो कारखाना बंद झाला. गाड्या मात्र अजून धावतात. अशी गाडी घेणाऱ्याने रंग नंतर पाहावा, आधी आसनामागचं झाकण उचलावं.