अकरा हजार एकोणचाळीस

दर पावसाळ्यात आमच्या गावच्या ग्रुपवर मेसेज येतो: भंडारदरा भरलं. खाली आकडा, ११०३९ दलघफू. लहानपणी हाच आकडा आबा पेपरातून मोठ्याने वाचायचे. मी एकदा विचारलं, "एवढंच?" अकरा हजार तर मला तेव्हाही मोजता यायचे. आबा म्हणाले, "अरे, पुढचं दलघफू कुणी वाचायचं?"

दलघफू म्हणजे दशलक्ष घनफूट. म्हणजे ११०३९ च्या पुढची सहा शून्यं त्या आखूड शब्दात दडलेली असतात. ती बाहेर काढून एकं, दहं, शतं करत डावीकडे सरकलं की आकडा होतो ११,०३,९०,००,०००. अक्षरी: अकरा अब्ज तीन कोटी नव्वद लाख घनफूट. मधलं दशकोटीचं घर रिकामं आहे. लिहिताना तिथे शून्य ठेवावंच लागतं, बोलताना मात्र आपण गप्पपणे ओलांडून जातो.

आता पेपरात दलघफूच्या शेजारी टीएमसी दिसतं. टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट. अब्ज म्हणायचं सोडून हा द्राविडी प्राणायाम कशाला? प्रवरेवरचं हे धरण इंग्रजांनी १९१० ते १९२६ या काळात बांधलं आणि मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव त्याला दिलं. त्या काळच्या ब्रिटिश इंग्रजीत बिलियन म्हणजे दशलक्ष गुणिले दशलक्ष, एकावर बारा शून्यं. नऊ शून्यांना 'हजार मिलियन' म्हणायची रीत होती. ब्रिटिश सरकारने बिलियन नऊ शून्यांवर आणलं ते थेट १९७४ मध्ये, आणि तेव्हाचे पंतप्रधान होते हॅरॉल्ड विल्सन. आडनावाचा हा निव्वळ योगायोग, पण मला आवडतो.

आपल्याकडे नऊ शून्यांना शब्द होता. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'त अठरा स्थानांची नावं आहेत, प्रत्येक आधीच्याच्या दसपट: एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज आणि पुढे परार्धापर्यंत. त्यात एकावर चौदा शून्यांचं नाव आहे जलधी, म्हणजे समुद्र. तिथवर पोचायला भंडारदऱ्यासारखी नऊ हजारांहून जास्त धरणं लागतील. अर्थात आपलंही सगळं आलबेल नव्हतं. लीलावतीतलं खर्व दहा शून्यांचं, हिंदीतलं खरब अकरा शून्यांचं. बिलियनवरून इंग्रजांना हसायची सोय नाही.

नोकरीत मला एकदा बिलाची रक्कम अक्षरी छापणारा कोड लिहायचा होता. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्यानुसार चेकवर अंकी आणि अक्षरी रकमेत फरक पडला, तर अक्षरी धरतात. त्यामुळे चूक चालणार नव्हती. इंग्रजीत नव्व्याण्णवपर्यंत सत्तावीस शब्दांत भागलं. मराठीसाठी नव्व्याण्णवच्या नव्व्याण्णव शब्दांची यादी टाइप केली. हजार, लाख, कोटी यांत मोठं आधी आणि धाकटं नंतर, पण शेवटच्या दोन घरांत उलट: सत्तावीसमध्ये सात आधी, वीस नंतर. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस सात' आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! मीही हसलो होतो. ती यादी टाइप करताना हसू आलं नाही.

आणि एकोणचाळीस म्हणजे तर एक उणे चाळीस, शब्दातच वजाबाकी. बातमीत 'अकरा टीएमसी' असं गोल केलं की नेमका हाच एकोणचाळीस गळतो. तो आहे तीन कोटी नव्वद लाख घनफूट, म्हणजे सुमारे एकशे दहा कोटी लीटर. दहा हजार लीटरच्या टँकरने मोजलं तर एक लाख दहा हजार टँकर. दुष्काळी वर्षी जायकवाडीला वरच्या धरणांतून किती सोडायचं यावरून नगर-नाशिक आणि मराठवाडा भांडतात, तेव्हा वाद टीएमसीच्या दशांशावर येतो. ०.१ टीएमसी ऐकायला किरकोळ वाटतं. अक्षरी लिहिलं तर दहा कोटी घनफूट.

यंदा ग्रुपवर कुणीतरी 'अकरा टीएमसी, फुल्ल' असं टाकलं. मी खाली अक्षरी लिहून पाठवलं. आबांचा रिप्लाय आला, "फक्त लिहायचं राहिलं."