कपाळीचे कुंकू : घडण आणि रूढी

कुंकू हा आपल्या समाजात श्रद्धेचा विषय असल्यामुळे, ते माणसाच्या हातांनी घडविलेले एक प्रसाधनही आहे, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. ज्ञातिबंधूंपुढे, व विशेषतः माता-भगिनींपुढे, या प्रसाधनाचा अल्पसा इतिहास ठेवण्याचा येथे विचार आहे.

प्रथम नावच पाहू. संस्कृतात कुंकुम म्हणजे केशर. केशर ही महागाची वस्तू. सामान्य संसारी स्त्रीस ती कोठून परवडावी? हळदीपासून केलेल्या तांबड्या चूर्णाला तेच नाव मिळाले व ते घरोघरी पोहोचले. ते करण्याची जुनी रीत अशी : हळकुंडांचे तुकडे करून ते लिंबाच्या रसात, सवागी म्हणजे टाकणखार व तुरटी घालून, भिजत ठेवीत, रस मुरला की सावलीत वाळवीत आणि मग कुटून वस्त्रगाळ करीत. हळदीच्या पाण्यात चुना कालवताच पाणी तांबडे होते, हा अनुभव सर्वांस आहे. हळदीच्या पिवळ्या द्रव्याचा रंग पालटण्याचाच हा प्रकार. सोलापूर जिल्ह्यात करमाळा तालुक्यातील केम हे गाव कुंकवाच्या धंद्याबद्दल प्रसिद्ध आहे.

कोरडे कुंकू कपाळी ठरत नाही. म्हणून मधाच्या पोळ्याचे मेण तेलात पातळ करून डबीत भरून ठेवीत. आधी मेणाचा ठिपका, त्यावर कुंकू, आणि मग बोटाने कडा कोरून कोणी वाटोळे, कोणी आडवी चिरी, तर कोणी चंद्रकोर रेखी. आरसा, फणी, मेणाची डबी व करंडा यांचे स्थान फणेरपेटीत असे. माझ्या आजीची अशी पेटी आजोबांच्या पश्चात माळ्यावर गेली, ती तिच्या हयातीत पुन्हा खाली आली नाही.

पुढे काळ पालटला. १८५६ साली विल्यम पर्किन या इंग्रज रसायनज्ञाने कृत्रिम रंग शोधून काढला व तशा रंगांचे कारखाने निघाले. कालांतराने हळदीचा अंशही नसलेली रंगीत भुकटी कुंकू म्हणून विकली जाऊ लागली. तिने काहींच्या कपाळी खाज व पुरळ उठे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मखमली कापडाची, पाठीमागे चिकट लेप असलेली टिकली आली आणि मेणाची डबी अडगळीत पडली. काही टिकल्यांच्या लेपातील प्यारा-टर्शरी-ब्यूटिल-फिनॉल या द्रव्याने त्वचेचा वर्ण जाऊन पांढरा डाग पडतो, असे त्वचारोगतज्ज्ञांनी नोंदविले आहे. तसा डाग दिसताच टिकली लावणे थांबवून वैद्यकीय सल्ला घ्यावा, हे येथे आवर्जून सांगतो.

आता मुद्द्याकडे येऊ. केशराच्या जागी हळद आली, हळदीच्या जागी रंग आला, मेणाच्या जागी चिकट लेप आला. द्रव्य बदलले, आकार बदलला, लावण्याची रीत बदलली. यांपैकी एकाही फेरबदलाने धर्म बुडाला असे कोणी म्हटले नाही. मात्र ते कोणी लावावे, हा दंडक तेवढा अढळ राहिला. पती निवर्तला की त्याच क्षणी पत्नीचे कपाळ पुसावयाचे! दुःखाच्या भरात असलेल्या स्त्रीस याहून कठोर वागणूक ती कोणती?

कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे इत्यादी विधवा-प्रथा बंद केल्या. त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरविण्यास सांगितले. जे एका खेड्याला साधले, ते आपल्या सुशिक्षित ज्ञातीला का साधू नये?

संक्रांतीच्या हळदीकुंकवास आपल्या घरच्या काकू, मावशी, वहिनी मागील दाराशी बसून राहतात. पुढील समारंभात त्यांना सन्मानाने पुढे बोलवावे, करंडा त्यांच्यापुढे धरावा, आणि लावावे की न लावावे हे त्यांचे त्यांनाच ठरवू द्यावे. ज्ञातीतील प्रत्येक कुटुंबाने या सूचनेचा विचार करावा, एवढीच नम्र विनंती.