पगाराऐवजी बिल

ओळखीतली निम्मी पोरं हल्ली ‘कन्सल्टंट’ झालीत. खुर्ची तीच, साहेब तोच, फक्त पगाराऐवजी बिल!

१८८६ च्या प्राप्तिकर कायद्यातही पगाराचा रकाना वेगळाच होता. नोकरदाराने सुटे खर्च मांडत बसू नये म्हणून १९७४ साली स्टँडर्ड डिडक्शन आलं, २००५ च्या बजेटने ते काढलं, २०१८ ला ४०,००० रुपयांवर परत आलं. धंदेवाल्याला मात्र खर्च वजा करायची मुभा कायम. त्यात २०१६ च्या बजेटने डॉक्टर, वकील, इंजिनिअर वगैरेंना सांगितलं, ५० लाखांपर्यंतच्या जमेत निदान निम्मं उत्पन्न दाखवा, वह्या नकोत. म्हणजे १८ लाख घेणाऱ्याचा कर ९ लाखांवर.

माझा भाचा यालाच भुलला. मालकाचा पीएफचा वाटा गेला, ग्रॅच्युइटी गेली, हे त्याने मोजलंच नाही.

मिठागरातल्या आगरियांनाही मालक ठेकेदारच म्हणायचे. धरांगध्रा केमिकल वर्क्सच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९५६ साली त्यांना कामगार ठरवलं, कारण काम कसं करायचं यावर देखरेख कंपनीची होती.

भाच्याला विचारलं, “सुट्टी कोण मंजूर करतं रे?”

“साहेब. दुसरं कोण, मामा?”