बारगीर आणि बर्गी

आपल्या आरतीला भिलाईतील बंगाली बांधवही आवर्जून येतात. रेल्वेतील माझे एक ज्येष्ठ सहकारी, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणतो, एकदा प्रसाद घेताना हसत म्हणाले, "लहानपणी आजी आम्हाला तुम्हा लोकांचीच भीती घालून झोपवायची." बंगालीतील त्या अंगाईत 'बर्गी' येतात. बर्गी म्हणजे आपले बारगीर, सरकारी घोड्यावर लढणारे मराठा स्वार. मी ओशाळलो आणि जमेल तसे वाचू लागलो.

नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर यांनी आपल्या छत्तीसगडातील रतनपूर १७४१ मध्ये घेतले. १७४२ मध्ये त्यांची फौज बंगालमध्ये शिरली. आपल्या पुस्तकांत याची कारणे असतात. चौथाईची मागणी, सरफराजखानाला मारून १७४० मध्ये गादीवर बसलेला नवाब अलिवर्दीखान आणि १७४४ मध्ये भेटीला बोलावून त्याने केलेला भास्करपंतांचा खून. हे खोटे नाही.

तेव्हा तिकडे वर्तमानपत्रे नव्हती. गावोगावची हकिकत गंगाराम या बंगाली कवीने 'महाराष्ट्र पुराण' या काव्यात लिहिली. पोथी १७५१ ची आहे. जाळलेली गावे, पैशासाठी कापलेले हात, नाक, कान आणि स्त्रियांवरील अत्याचार त्यात आहेत. विशेष म्हणजे स्वारीचे कारणही तोच देतो. पाप वाढले म्हणून शिवाने नंदीमार्फत शाहूराजांना प्रेरणा दिली! तरीही ब्राह्मण, वैष्णव व स्त्रियांचा छळ पाहून शेवटी देवी भास्करपंतांवरच कोपते.

आम्हा रेल्वेवाल्यांना हे समजायला हवे. लाइन क्लिअर मिळाली म्हणून वेगमर्यादा मोडायची मुभा मिळत नाही. गाडी का सोडली आणि कशी हाकली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. नुसती जळकी गावे पाहून युद्ध का झाले हेही कळत नाही. पण कारण सांगून गावे झाकता येत नाहीत.

ही कसोटी परकी नाही. चिपळूणजवळच्या छावणीतील जुमलेदारांना शिवाजी महाराजांनी बजावले होते की, रयतेला उपद्रव दिलात तर लोकांना मोगलच बरे वाटतील.

१७५१ च्या तहात नवाबाने वर्षाला १२ लाख रुपये चौथाई कबूल केली. तो आकडा आपल्याकडे विजय म्हणून येतो. अंगाईत मात्र सारा कुठून भरायचा, हीच चिंता आहे.

यंदा आरतीचे आमंत्रण देताना दादांना म्हणालो, "आजींची अंगाई आमच्याही इतिहासात हवी."

गणपती बाप्पा मोरया!