शिखरभक्षकांचा लोप

अन्नसाखळीच्या टोकाला असलेले प्राणी, उदा. वाघ, जग्वार, लांडगा, हार्पी गरुड, जंगलातून नाहीसे झाले की त्यांचे भक्ष्य बेसुमार वाढते आणि त्याचा भार अखेर झाडोऱ्यावर पडतो. हे सिद्ध करणे अवघड असते, कारण जंगलातून जग्वार काढून टाकून प्रयोग कोण करणार? व्हेनेझुएलात तो एका धरणाने केला.

कॅरोनी नदीवरील गुरी धरणाचा विस्तारित जलाशय 1986 मध्ये भरला. 4,000 चौ. किमी.हून अधिक प्रदेश बुडाला आणि टेकड्यांचे माथे बेटे होऊन उरले. लहान बेटांवरील पृष्ठवंशी प्राण्यांच्या तीन चतुर्थांशांहून अधिक जाती काही वर्षांतच गेल्या. जग्वार, प्यूमा आणि हार्पी गरुड यांना एवढीशी जागा पुरणारीच नव्हती. मागे राहिलेल्यांत हाउलर माकडे, इग्वाना, कृंतक आणि पानकापू मुंग्या होत्या. जॉन टरबॉर्ग आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात नोंदवल्याप्रमाणे यांची घनता मुख्य भूमीच्या 10 ते 100 पट झाली होती.

यांत मुंग्यांचे काम सर्वांत पाहण्याजोगे. मुंगी पानाची चकती कापते, डोक्यावर छत्रीसारखी धरून वारुळात नेते. तिथे पानांच्या लगद्यावर बुरशी पिकवली जाते आणि तिच्यावर अळ्या पोसल्या जातात. एरवी लष्करी मुंग्या आणि नवी वारुळे उकरणारे आर्माडिलो त्यांना आवरून धरतात. लहान बेटांवर तो धाक उरला नाही. मोठी झाडे उभी होती, म्हणून दुरून जंगल हिरवेगार दिसे. खाली मात्र रोपे आणि कोवळी झाडे विरळ होत चालली होती, म्हणजे वठलेल्या झाडाची जागा घेणारे कोणी नव्हते.

बेटावर कोंडलेले प्राणी बाहेर जाऊ शकत नाहीत, तेव्हा हा भक्षकांच्या अभावाचा परिणाम की कोंडीचा, असा आक्षेप घेता येतो आणि तो अगदीच फोल नाही. तरीही हेअरस्टन, स्मिथ व स्लोबोडकिन यांनी 1960 मध्ये मांडलेल्या कल्पनेला, म्हणजे भक्षक तृणभक्षींना आवरतात म्हणून पृथ्वी हिरवी राहते या मताला, जंगलातून मिळालेला हा मोठा आधार आहे.

भक्षक परत आणले तरी हानी भरून निघतेच असे नाही. अमेरिकेतील यलोस्टोन उद्यानात 1926 च्या सुमारास लांडगे संपले. 1995-96 मध्ये कॅनडातून आणून पुन्हा सोडले. काही ठिकाणी तृणभक्षींनी खाऊन खुरटवलेला, ओढ्याकाठचा विलो पुन्हा वाढू लागला. पण ओढ्यांवर बांध घालणारे बीव्हर गेल्याने जिथे ओढे खोल कापले गेले आणि भूजल खाली उतरले, तिथे तो खुरटाच राहिला आहे.