बिनतारी यंत्राची कळ

उज्जयिनीस गेलेल्या यात्रेकरूने महाकालाच्या दर्शनानंतर क्षिप्रेकाठची वेधशाळाही अवश्य पाहावी. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ती उभारली. पुढे मोडकळीस आलेली तिची यंत्रे १९२३ साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी दुरुस्त करविली, आणि गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदांनी तिचे अधीक्षकपद भूषविले. याच नगरीवरून जाणारे रेखावृत्त शून्य धरून आपल्या सिद्धान्तकारांनी कालगणना केली. अहोरात्राच्या ६० घटिका, घटिकेची ६० पळे, पळाची ६० विपळे, असे ते कालमान होते. त्यातील विपळ म्हणजे एका सेकंदाचे अवघे दोन पंचमांश.

आजचा विषय वरवर पाहता या दगडी यंत्रांहून फार दूरचा आहे. संगणकात जी बिनतारी चिप असते, तिला वीज देणारी कळ कोण दाबतो आणि केव्हा दाबतो, याचा हा इतिहास. परंतु त्याचे मर्म कालमापनातच आहे.

माळव्यास स्वतःचे नभोवाणी केंद्र २२ मे १९५५ रोजी इंदुरात लाभले. तो काळ व्हॉल्व्हचा होता. प्रक्षेपक सुरू करताना अभियंता सर्व वीज एकदम देत नसे. प्रथम व्हॉल्व्हमधील तंतू तापवावयाचा, काही वेळ थांबावयाचे, आणि मगच उच्च दाबाची वीज सोडावयाची, असा क्रम होता. पाऱ्याच्या वाफेवर चालणाऱ्या लहान व्हॉल्व्हलाही सुमारे अर्धा मिनिट, म्हणजे आपले सवा पळ, द्यावे लागे. उतावीळपणा केला तर व्हॉल्व्ह निकामी होई. कळ माणसाच्या हाती होती आणि त्या माणसामागे कायदा उभा होता. १९३३ च्या बिनतारी कायद्यान्वये परवान्यावाचून असे यंत्र बाळगणेही गुन्हा होता.

पुढे व्हॉल्व्ह गेले आणि नखाएवढी चिप आली. २८ जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने आपल्या सरकारने वायफायसाठी २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा परवानामुक्त केला, आणि बिनतारी यंत्र घरोघर शिरले. या चिपच्या अनेक पिनांपैकी एक पिन तिला जागे करण्याकरिता असते. तीवरील विद्युद्दाब चढला की चिप जागी होते, उतरला की निजते. मात्र येथे अभियंता नाही. त्याचे काम कर्नेलकडे, म्हणजे संगणकाचा सारा कारभार पाहणाऱ्या मूळ आज्ञावलीकडे आले. आणि कर्नेलमध्ये प्रत्येक उपकरणाची जबाबदारी ज्या भागावर असते त्याला ड्रायव्हर म्हणतात.

लिनस टॉरवल्ड्‌स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली आरंभिलेल्या लिनक्स कर्नेलमध्ये या कामातून एक मौजेचा पेच निर्माण झाला. कर्नेलची रीत अशी की, जोडलेले उपकरण आधी ओळखावयाचे आणि नंतर त्याचा ड्रायव्हर कामास लावावयाचा. पण निजलेली चिप हाकेला ओ देत नाही; ती ओळखू यावी म्हणून पिन आधी चढविली पाहिजे, आणि पिन चढविणारा ड्रायव्हर तर ओळख पटल्यावर येणार! किल्ली पेटीत राहावी आणि पेटीला कुलूप असावे, तसा हा प्रकार. प्रत्येक मंडळासाठी निराळी आज्ञावली लिहून लोक वेळ मारून नेत. त्या पसाऱ्याविषयी २०११ साली टॉरवल्ड्‌स यांनी उघड नाराजी व्यक्त केली. त्यानंतर मंडळाची रचना वेगळ्या वर्णनपत्रात लिहिण्याची पद्धत रुळली. २०१५ साली कर्नेलमध्ये अशी सोय झाली की, कोणती पिन उचलावयाची हे त्या पत्रात नोंदवावे, आणि उपकरण शोधण्यापूर्वीच वीज क्रमाने द्यावी. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्‌सच्या चिपांसाठी अशा कित्येक पत्रांत ७० मिलिसेकंदांची प्रतीक्षा लिहिलेली आढळते. विपळाचा हा जेमतेम सहावा हिस्सा; परंतु व्हॉल्व्हच्या सवा पळाचाच तो वंशज होय.

आता कळ बंद करण्याविषयी. २००७ साली कर्नेलमध्ये आरएफकिल नावाची व्यवस्था आली. तिने बंदीचे दोन प्रकार मानले. आज्ञेने घातलेली बंदी आज्ञेने उठते. प्रत्यक्ष कळीने घातलेली बंदी मात्र कोणत्याही आज्ञेला उठविता येत नाही. हा भेद नुसत्या सोयीचा नाही. पडद्यावरचे वायफायचे चिन्ह मावळले म्हणजे चिपची वीज तुटलीच, असे होत नाही. तिचे बोलणे थांबणे निराळे आणि तिची पिन उतरणे निराळे. पिन खरोखर उतरली की नाही, हे ड्रायव्हरलाच ठाऊक. आणि अनेक यंत्रांवर आज हाताने दाबावयाची कळच नसते.

पूर्वी प्रक्षेपक बंद झाला की मुख्य खटका खाली आलेला डोळ्यांना दिसे. आता तो खटका आज्ञावलीच्या ओळींत गेला आहे. म्हणून त्या ओळी सर्वांना वाचता येतील अशा उघड्या असणे, ही यंत्राच्या धन्याची शेवटची हमी उरली आहे. उज्जयिनीच्या सम्राट यंत्रावरील रेषा उघड्या उन्हात कोरलेल्या आहेत. राजा असो वा यात्रेकरू, ज्याला मोजता येते त्याने छाया पाहून काळ पडताळावा. आपल्या खिशातील यंत्राच्या कळीविषयी याहून कमी अपेक्षा आपण का ठेवावी?